माझ्या वाट्याला आलेलं कीप

आठवीच्या वर्गात मला विमल म्हणून कुणी हाक मारली नाही. मी किपी होते. माझ्या पुढच्या बाकावर गो बसायचा, त्याच्या शेजारी टेक, खिडकीशी ब्रेक, आणि दारापाशी गिव्ह, जिनं आयुष्यात कुणाला पेन्सिलीचं टोकसुद्धा दिलं नव्हतं. ही सगळी बिराजदार गुरुजींची करणी. गुरुजी घरी कानडी बोलत, रस्त्यात मराठी, वर्गात इंग्रजी, आणि रागावले की हैद्राबादी. पाठ्यपुस्तकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "इंग्रजी म्हंजे काय समुद्र न्हाई. धा-पंधरा क्रियापदं हाईत. घरातली जनावरं समजा. सगळा संसार त्येंच्यावर चालतोय. एकेकानं एकेक घरी न्या, वरीसभर पोसा. काय खातंय, कुठं बसतंय, कुणाला लाथ मारतंय ते बघा, अन् दर शनवारी मला येऊन सांगा." म्हणजे दर शनिवारी प्रत्येकानं आपल्या क्रियापदाचं एक वाक्य आणायचं. त्यात अट अशी की वाक्य स्वतःच्या घरातलं हवं आणि त्या आठवड्यात खरोखर घडलेलं हवं. पुस्तकातलं आणलं तर उभं राहायचं.

मी अणदूरच्या त्या शाळेत गेले तेव्हा जनावरांचं वाटप होऊन गेलं होतं. पावसाळा अर्धा सरला होता. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "एकच उरलंय बाळ. कीप. कुणी घेतलं न्हाई. पोरांना पळणारं पायजे असतंय, आन् हे एका जाग्याला बसतंय." सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण नव्या शाळेत पहिल्या दिवशी हसायचं असतं एवढी अक्कल मला होती. पण मनात म्हटलं, बरं झालं. उरलेल्या पोरीला उरलेलं क्रियापद. तेरा वर्षांची मी स्वतःला फार दुःखी नायिका समजत होते. खरं तर नाकाला शेंबूड होता आणि वेणीला वेगवेगळ्या रंगांच्या दोन रिबिनी.

मी उरले होते म्हणजे काय, ते सांगते. माझी आई गेली आणि वर्षाच्या आत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं. परंड्याला एका आडत दुकानावर ते हमालांचे मुकादम होते. खोली एकच. नव्या आईला मी मावशी म्हणायचं असं ठरलं. मावशी वाईट नव्हती. ती एकोणीस-वीस वर्षांची असेल, मला बघून तिलाच भीती वाटायची. आम्ही दोघी त्या खोलीत एकमेकींपासून लपायचो, आणि लपायला जागा नव्हती. मग एके दिवशी आण्णांनी माझी ट्रंक उचलली आणि दोन एष्ट्या बदलून मला अणदूरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं, गोदाआत्याकडं आणून सोडलं. म्हणाले, "चार दिवस ऱ्हा." चार दिवसांसाठी शाळेत नाव कशाला घालतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी चौथ्या दिवशी ट्रंक भरून ओसरीवर बसले. आत्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, ट्रंकेवर सुकायला मिरच्या पसरल्या आणि आत गेली.

आत्याचं घर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पुढं ओसरी, मागं म्हैस. तरुणपणीच विधवा झालेली. तीन एकर जमीन वाट्यानं दिलेली, आणि उरलेला वेळ ती गावाच्या वाकळा शिवायची. लोक जुनी लुगडी, धोतरं, फाटकी पातळं आणून टाकायचे, आणि ती दिवसभर जमिनीवर बसून एकावर एक थर घालून टाके घालत जायची. बोलायची नाही. तिला बोलण्याचा राग नव्हता, सवय मोडली होती. ज्या घरात वर्षानुवर्षं म्हशीखेरीज कुणी उत्तर देत नाही, तिथं माणूस कुणाशी बोलणार? मला मात्र तेव्हा तो माझा अपमान वाटायचा. परंड्याच्या आडतीवर दिवसभर माणसं ओरडायची, पोती पडायची, बैल हंबरायचे. इथं सुई कापडातून निघताना होणारा बारीक आवाज, म्हशीच्या साखळीचा आवाज, आणि लांबून हैद्राबाद रस्त्यावरून जाणारे ट्रक. संध्याकाळी मी ओसरीवर बसून ट्रकांचे आवाज ऐकायचे. सोलापूरकडं जाणारा निराळा वाटायचा, उमरग्याकडं जाणारा निराळा. एक घराकडं जातोय आणि दुसरा लांब, असं मी ठरवून टाकलं होतं. आता मी उमरग्यातच राहते, हायवेला लागून, आणि सांगते, दोन्हीकडचे ट्रक सारखेच वाजतात.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराच्या मसाल्याची आमटी, शेंगादाण्याची चटणी. थंडीत हुलग्याचं गरम, पातळ माडगं. आत्याच्या हाताला चव होती, पण मी रुसलेली होते ना! मी निम्मी भाकरी खाऊन म्हणायचे, "भूक न्हाई." आत्या काही आग्रह करायची नाही. उरलेली निम्मी आणि वर एक अख्खी दुरडीखाली झाकून ठेवायची आणि सुई हातात घ्यायची. मला वाटायचं, कुत्र्याला ठेवते. दारात एक पांढरा कुत्रा होता, त्याला सकाळी भाकरी मिळायची, म्हणजे माझं अनुमान बरोबरच होतं. मला त्या कुत्र्याचाही राग यायचा. कसल्याही आग्रहाशिवाय खायचा.

आणि अशा घरातून दर शनिवारी मला वाक्य काढायचं होतं. पहिल्या शनिवारी मी उभी राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "माय फादर कीप्स अ हॉर्स." खिडकीतला ब्रेक, ज्याचं खरं नाव रशीद, म्हणाला, "रंग कंचा?" मी घाबरून म्हटलं, "हिरवट." अजून त्या हिरव्या घोड्याची आठवण आली की मी एकटीच हसते, आणि शेजारची बाई भिंतीवर हात आपटून विचारते, काकू, काय झालं? गुरुजींनी मात्र हसणाऱ्यांना गप्प केलं. म्हणाले, "वाक्य बरोबर हाय. पाळणं, हा एक अर्थ झाला. पर घोडा तुज्या घरात हाय का? तुजं घर कुठलं?" मी म्हटलं, "परंडा." "आज सकाळी कुठनं निघालीस?" मी आत्याच्या घराच्या दिशेनं बोट केलं. "मंग बस. फुडल्या शनवारी तिथलं आण."

पुढच्या शनिवारी मी तिथलं आणलं. "माय आँट कीप्स अ बफेलो इन द हाउस अँड मी इन द ओसरी." गुरुजींच्या मिशा हलल्या. ते फळ्याकडं वळले आणि खडूनं लिहून म्हणाले, म्हशीला पाळणं आणि वस्तू जाग्यावर ठेवणं, दोन्ही कामं ह्या एका बैलाला जुंपलीस, शाबास. त्या दिवसापासून माझ्यात आणि त्या क्रियापदात सोयरीक झाली. त्यानंतरच्या शनिवारी "आय कीप क्वाएट" नेलं. ते खरंच घडलं होतं, सातही दिवस. मग एकदा मला आत्याबद्दल सांगायचं होतं, की ती शिवते, शिवतच राहते, कुणी आलं तरी, पाऊस आला तरी, आणि शब्द सापडेना. गुरुजी म्हणाले, "मंग तुजं जनावर काय झोपलंय? शी कीप्स स्युइंग." मला पटेना. ठेवणं म्हणजे एका जागी असणं. राहणं म्हणजे चालू असणं. दोन्हीला एकच शब्द कसा? गुरुजी म्हणाले, "इंग्रजाला इचार." इंग्रज कधीच निघून गेला होता. मी म्हशीला विचारलं. तिनं रवंथ चालू ठेवला, म्हणजे शी केप्ट च्युइंग, आणि त्या आठवड्याचं वाक्य मला फुकट मिळालं.

हिवाळा लागला आणि देव नळदुर्गला गेला. आमच्याकडचं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. अणदूरला खंडोबाचं देऊळ आहे आणि नळदुर्गलाही आहे, पण देव एकच. वर्षातले बरेचसे महिने तो अणदूरला असतो, आणि थंडीत दीड-दोन महिने नळदुर्गला. नळदुर्गची माणसं येतात, दोन्ही गावांत करार होतो, आणि पालखी निघते. मी परंड्याची, मला हे काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी देवळात गेले तर सिंहासन मोकळं. समई होती, भंडाऱ्याचं ताट होतं, घंटा होती, देव नव्हता. मी घरी येऊन आत्याला विचारलं, "देव कुठं गेला?" आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "तिकडल्या घरी." एवढंच. मला कसला आनंद झाला! देवालासुद्धा दोन घरं आहेत, आणि ठरलेल्या दिवशी त्याला न्यायला येतात. म्हणजे माझंही तसंच असणार. कुणीतरी फक्त दिवस ठरवायचा राहिला होता.

त्याच सुमारास आण्णा आले. हातात शेव-चिवड्याचा पुडा आणि माझ्यासाठी दोन रिबिनी, या खेपेला एकाच रंगाच्या. त्याच आठवड्यात गुरुजींनी मला माझ्या क्रियापदाचा नवा उपयोग सांगितला होता, कीप अ प्रॉमिस, म्हणजे दिलेला शब्द पाळणं. डोक्यात तेच घोळत होतं. मी आण्णांचा हात धरला आणि त्यांना थेट देवळात नेलं. आत्या मागून आली आणि पायरीवर उभी राहिली. मी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं आणि म्हटलं, "आण्णा, भंडारा उचला. म्हणा, देव परत आला की दुसऱ्या दिवशी इमलला घरी न्यायला येतो." आण्णा हमालांवर ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज निघेना. आत्या पायरीवरून म्हणाली, "बाबू, भंडारा हाय त्यो. जपून उचल." आण्णांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "येतो." मी तोच भंडारा त्यांच्या हातावरून माझ्या रुमालात ओतून घेतला आणि गाठ मारली. मग ते दोघं देवळाबाहेर लिंबाखाली बराच वेळ बोलत उभे राहिले. मी ऐकायला गेले नाही. मी मनात वाक्य जुळवत होते.

शनिवारी मी उभी राहिले. "माय फादर विल कीप हिज प्रॉमिस." गुरुजी म्हणाले, "घडलेलं आण. घडायचंय ते नको. घडलं की केप्ट म्हणून सांग." मी म्हटलं, घडणारच आहे, त्यांनी भंडारा उचललाय. तेवढ्यात गुरुजींना हेडमास्तरांनी बोलावलं आणि ते बाहेर गेले. रशीद खिडकीतून वळला. "कवा उचलला?" "परवा." "कुठं?" "देवळात." तो टेककडं बघून म्हणाला, "ऐकलंस का? देव नळदुर्गात, आन् हिच्या आण्णानं शपत घेतली भिंतीपुढं." टेक गुरवाच्या भावकीतला, त्यानं गंभीरपणे मान हलवली. "मोकळ्या देवळात शपत धरत न्हाईत. आमच्यात बांधाचं भांडण आसलं तरी देव येऊस्तवर थांबतेत." गिव्ह म्हणाली, "मंग तुजे आण्णा आले न्हाई तरी त्येंना पाप लागायचं न्हाई." त्या बिचारीनं मला धीर देण्यासाठी म्हटलं असेल, पण मी रुमालाची गाठ चाचपून बघितली.

आता ह्या मुलीची अक्कल बघा. तिच्या जागी दुसरी असती तर तिनं विचार केला असता की आण्णांचा आवाज का निघाला नाही. मी विचार केला तो असा की शपथ चांगली आहे, फक्त चुकीच्या पत्त्यावर पडली आहे. ती देव जिथं आहे तिथं नेऊन पोचवली की झालं. भंडारा माझ्या रुमालात होताच. रविवारी सकाळी आत्या म्हशीची धार काढत होती, तेव्हा मी चपला हातात घेऊन निघाले. नळदुर्ग तीन-चार कोस. रस्ता सरळ, चुकायला काही नाही, ट्रक जातात त्याच रस्त्यानं.

थंडी होती. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली, करडई काट्यावर. पाखरं राखणारी माणसं माळ्यावर उभी राहून आरोळ्या देत होती, आणि प्रत्येक आरोळी मला मारलेली हाक वाटायची, म्हणून मी मान खाली घालून भराभर चालायचे. रुमाल मुठीत. एक ट्रक थांबला. सरदारजी ड्रायव्हरनं मोडक्या हिंदीत विचारलं, बेटी, किधर? मी म्हटलं, "देवाकडं." त्याला काय समजायचं ते समजलं, त्यानं हात जोडले आणि गाडी पुढं काढली. मग कितीतरी वेळ कुणी नाही. एकदा पायात काटा गेला म्हणून बसले, तेव्हा मागं लांबवर रस्त्याच्या कडेनं कुणीतरी लुगड्यातली बाई येताना दिसली. मला वाटलं, असेल कुणी शेताला निघालेली. मी उठून चालू लागले. त्या रस्त्यानं चालताना मला जे एकटेपण वाटलं, तसं नंतर पुष्कळ वेळा वाटलं आहे, नवरा गेला तेव्हा, मुलं पुण्याला गेली तेव्हा. पण ते सगळं जुन्या ओळखीचं वाटलं. पहिली भेट त्या रस्त्यावरची.

किल्ल्याचे बुरूज दिसले, नदी ओलांडली, देऊळ विचारत विचारत गेले. रविवार खंडोबाचा, गर्दी होती. येळकोट येळकोट चाललेलं, सगळ्यांची कपाळं पिवळी. बायकांच्या बगलेखालून घुसत मी पुढं पोचले. आणि तिथं तो होता. तोच देव! अणदूरच्या देवळात बघितलेला. मला एवढा जीव आला की वाटलं, माहेरचं कुणी भेटलं. मी रुमाल पुढं केला आणि गाठ सोडायला गेले, तर गाठ आधीच सैल झालेली. मुठीच्या घामानं रुमाल ओला, आणि आत काही नाही. कापडावर नुसता पिवळा डाग. आण्णांचा भंडारा सगळ्या हायवेवर सांडला होता, अणदूरपासून नळदुर्गपर्यंत, ट्रकच्या चाकांखाली.

मी देवासमोर भोकाड पसरलं. सुंदर हुंदके वगैरे नाहीत, चांगलं बैलासारखं. पुजारी म्हणाला, "पोरगी चुकली काय कुणाची?" आणि मागून आवाज आला, "चुकली न्हाई. माजी हाय." आत्या होती. लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, हातात माझ्या चपला. काटा काढायला बसले होते तिथं मी त्या विसरून आले होते. कडेनं येणारी लुगड्यातली बाई तीच. मला ती घरातून निघताना दिसली नाही, पण तिला मी दिसले होते. धारेचं भांडं तसंच ठेवून ती माझ्या मागं निघाली होती.

बाहेर पायरीवर आम्ही बसलो. मी रडत रडत विचारलं, "हाक का न्हाई मारली तुमी?"

"मारली आसती तर परतली आसतीस."

"मग?"

"मंग मनात ऱ्हायलं आसतं, की देवापुढं गेली आसती तर आण्णा आला आसता." तिनं माझा पाय मांडीवर ओढला आणि काट्याची जागा दाबून बघितली. तिची बोटं सुयांनी खरखरीत झालेली. बराच वेळ ती पायाशीच बोलल्यासारखी बोलत राहिली. "त्यो येणार न्हाई, इमल. देव हितं आसला तरी न्हाई आन् तितं आसला तरी न्हाई. तुज्या मावशीला दिवस गेल्यात. येक खोली. लिंबाखाली त्यो मला म्हणाला, अक्का, तू ठेवून घे. म्या म्हणलं, पोरीला तू सांग. त्येच्यानं झालं न्हाई." मग म्हणाली, "लई वाईट न्हाई त्यो. भित्रा हाय. ल्हानपनापून."

मी म्हटलं, "मग तुमी भंडारा उचला. म्हणा, मला ठेवून घेता." आता हसू येतं. एका माणसाची शपथ रस्त्यावर सांडून अजून हात पिवळे होते, आणि मी दुसऱ्याची मागत होते. आत्या म्हणाली, "मला न्हाई ते जमत. पुन्यांदा देवाला कशाला कामाला लावू? ऊठ. म्हस वरडत आसंल." आणि चपला माझ्यापुढं टाकून ती उभी राहिली.

परत येताना एष्टीत जागा नव्हती. आत्या कंडक्टरशी भांडली. ज्या बाईला मी आधीच्या चार महिन्यांत चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, ती भर एष्टीत म्हणाली, "पोरगी धा गावं तुडवून आलीया, तिला बसायला दे, न्हाईतर तुज्या शिटीसकट तुला खाली घालते!" कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला सरकवलं. मी बसले, आत्या अणदूर येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली. घरी गेल्यावर तिनं दुरडी उचलली. खाली सकाळी लवकर केलेली भाकरी होती, वर चटणीचा गोळा. मी म्हटलं, "ही कुत्र्याची ना?" आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा लहान झाले. "कुत्र्याची? राती-आपराती भूक लागंल म्हणून तुज्यासाटी झाकते रोज. तू उटत न्हाईस, मंग सकाळी कुत्र्याला जाती. म्या म्हणलं, शहाणी पोरगी हाय, येक दिवस दुरडी उचलून बघंल." तिथं दोन हात अंतरावर झोपून चार महिने मी उपाशी कण्हत होते.

पुढच्या शनिवारी गुरुजींनी विचारलं, "किपी, तुजं काय झालं? केप्ट का न्हाई केप्ट?" वर्ग माझ्याकडं बघत होता. रशीदही, पण तो त्या दिवशी चेष्टेनं बघत नव्हता. माझ्याजवळ आण्णांचं वाक्य नव्हतं. दुसरं होतं. मी म्हटलं, "माय आँट केप्ट वॉकिंग."

"कुठं?"

"माझ्या मागं, गुरुजी. नळदुर्गापत्तर."

गुरुजींनी फळ्यावर ते लिहिलं, आणि मला लागत होते ते दोन शब्द स्वतःहून शेवटी जोडले, बिहाइंड मी. अर्थ सांगितला नाही, उपयोग सांगितला नाही. खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बस बाळ." आणि पुढच्या बाकावरच्या 'गो'ला उठवलं.

गोष्ट इथं संपवली असती तर मी शहाणी ठरले असते. पण मला खोटं सांगायचा कंटाळा आलाय, हिरव्या घोड्यानंतर पुरेसं झालं. पुढं काही दिवसांनी देव परत आला. सकाळी उठले तर गावभर हलगी आणि पिवळा धुरळा, देव सिंहासनावर. मला सगळं माहीत होतं, आत्यानं तोंडानं सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी डोकं धुतलं, एकाच रंगाच्या त्या दोन रिबिनी घातल्या आणि एष्टीच्या थांब्यावर जाऊन बसले. तुळजापूरची आली, सोलापूरची आली, पुन्हा तुळजापूरची आली. प्रत्येक गाडीतून माणसं उतरत होती, आणि प्रत्येक माणूस लांबून आण्णांसारखा चालत होता, जवळ आला की बदलत होता. पानपट्टीवाल्यानं विचारलं, "कुणाची वाट बघतीस?" मी म्हटलं, "कुणाची न्हाई." ऊन उतरलं, ट्रकांचे दिवे लागले, आणि शेवटची गाडीही माणसं उतरवून गेली.

नात पुण्याहून फोन करते तेव्हा फोन ठेवताना दरवेळी बरी राहा म्हणून सांगते, "कीप वेल, आजी." मी म्हणते, हो गं बाई, ठेवते. तिला हा उपयोग कुणी शिकवला कोण जाणे. मी गुरुजींना तो कधी सांगितला नव्हता. संध्याकाळी मी तिच्या नावाची एक भाकरी जास्त टाकते. ती येणार नसते. मी झाकते आणि झोपते. आमच्या गल्लीतला कुत्रा एवढा लठ्ठ झालाय की त्याला चालवत नाही.

त्या दिवशी मी थांब्यावरून परत आले तेव्हा अंधार पडत होता. कंदील लावून आत्या वाकळ शिवत बसली होती. तिनं मला जाताना पाहिलं होतं, ह्या खेपेला मागं आली नव्हती. कुठं गेली होतीस, असंही विचारलं नाही. टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि वर न बघता म्हणाली, "झाकून ठेवलंय."

मी हात धुतले, दुरडी उचलली आणि दोन्ही भाकरी खाल्ल्या.